प्लॉट विकून फी भरू का, ताई?

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच असतो : कॉलेजची फी. माझी बहुतेक नोकरी सांगली-कोल्हापूर भागात बँकेच्या कर्ज विभागात गेली, त्यामुळे वाचक हिशेबासकट लिहितात आणि मलाही हिशेबासकट उत्तर देता येतं. या अंकासाठी तीन पत्रं घेतली आहेत. नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इचलकरंजीत सूतगिरणीत फिटर आहे, वय ५२. कपात जाऊन हातात ३१ हजार येतात. उत्पन्नाचा दाखला ४ लाख २० हजारांचा आहे, आम्ही खुल्या गटात येतो. मुलाला सीईटीत ८१ पर्सेंटाइल पडले. त्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच करायचंय आणि तेही पुण्यात. तिथल्या एका खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून जागा मिळते आहे. वर्षाची फी सव्वातीन लाख, हॉस्टेल-मेसचे सव्वा लाख, म्हणजे चार वर्षांचे १८ लाख. गावाबाहेर माझा दोन गुंठ्यांचा एनए प्लॉट आहे, त्याचे १४ लाख येतील असं एजंट म्हणतो. पीएफ नऊ लाखांच्या आसपास आहे. घरच्यांचं म्हणणं, प्लॉट विकून टाकू, पोरगं मार्गी लागलं की सगळं परत येईल. मेहुणे म्हणतात, एक रुपया देऊ नका, परदेशात मुलं आपलं आपण शिकतात, त्यालाच कर्ज काढू दे. धाकटी मुलगी नववीत आहे. बापानं फी भरणं हे कर्तव्य आहे की नाही, तेवढं स्पष्ट सांगा.
— एक वडील, इचलकरंजी

उत्तर : दादा, स्पष्ट विचारलंत, तर स्पष्टच सांगते. मुलाच्या शिक्षणाला बापानं पैसे द्यायला हवेत. पण ते महिन्याच्या पगारातून, जेवढे निघतील तेवढे. प्लॉट विकायचा नाही आणि पीएफला हात लावायचा नाही.

आधी मेहुण्यांचं बोलणं बघू, कारण ते ऐकून तुमच्या मनात अपराधी वाटायला लागलंय असं पत्रावरून दिसतं. परदेशातली मुलं आपलं आपण शिकतात हे अर्धंच खरं. अमेरिकेत सरकारी मदतीचा अर्ज भरताना २४ वर्षांखालच्या अविवाहित मुलाला सर्वसाधारणपणे आई-वडिलांचं उत्पन्न लिहावं लागतं, कारण घरानं आपला वाटा उचलावा असंच तिथं धरलेलं आहे. जर्मनीत तर सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी जवळपास नसतेच, आणि मुलाचं पहिलं व्यावसायिक शिक्षण पुरं होईपर्यंत आई-वडिलांनी त्याला सांभाळावं असं कायदा सांगतो. तेव्हा परदेशाच्या नावानं तुम्हाला कुणी कमीपणा देऊ नये.

‘आम्ही कुठे बापाचे पैसे घेतले?’ असं म्हणणारी आमची पिढीही एक गोष्ट विसरते. महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं १९८३ पासून सुरू झाली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना. त्याआधी पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद अशा मोजक्या ठिकाणी जागा असत आणि फी शेकड्यांत असे. बाकीचा खर्च सरकार भरत होतं, म्हणजे लोकांच्या करातून होत होता. त्या मुलांनी स्वतःच्या बळावर शिक्षण घेतलं असं म्हणताना हे सांगायला हवं. जागा वाढल्या, माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत पहिला इंजिनिअर त्यामुळेच झाला. पण खर्च उचलणारा हात बदलला. तो आता तुमचा आहे.

आता मेहुण्यांचा सल्ला मानून सगळे १८ लाख कर्जानं उभे केले असं धरू. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका सहसा तारण मागतात. तारण कुठलं? तोच प्लॉट. दरवर्षी साडेचार लाख उचलले, व्याज १० टक्के आणि शिक्षणाची चार वर्षं अधिक एक वर्ष हप्ता नाही, असं मांडलं तर त्या काळातलं सरळ व्याजच ६ लाख ३० हजार होतं. हप्ता सुरू होईल त्या दिवशी डोक्यावर २४ लाख ३० हजार. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला ३२ हजारांचा हप्ता. आज तुमच्या हातात येतो त्या पगाराहून जास्त. पंधरा वर्षं केलीत तरी २६ हजार. नवख्या इंजिनिअरला पहिल्या नोकरीत काय मिळतं हे शेजारपाजारच्या मुलांना विचारा, आणि मग हा आकडा मुलाला कागदावर लिहून दाखवा.

आणखी एक. कर्ज मुलाच्या नावावर म्हणजे बाप मोकळा, असं नसतं. तुम्ही सहकर्जदार म्हणून सही करता. त्याचा हप्ता थकला की नोटीस तुमच्या पत्त्यावर येते, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, तुमचीही खराब होते.

प्लॉट का विकू नये, तेही सांगते. तुमच्या नोकरीची सहा वर्षं राहिली. तुमची पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेची. तिच्या हिशेबात पगार १५ हजारांच्या वर धरत नाहीत, त्यामुळे तीस वर्षं नोकरी झाली तरी रक्कम महिन्याला सात हजारांच्या आतच राहते. बाकीचं म्हातारपण त्या नऊ लाखांवर आणि त्या दोन गुंठ्यांवर आहे. कर्ज विभागात असताना पासष्टीच्या माणसांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बायकोच्या पाटल्या काउंटरवर ठेवताना मी पाहिलंय. त्यांची मुलं चांगली होती, पाठवतही होती, पण त्यांच्या मागेही घराचे हप्ते होते. ‘पोरगं मार्गी लागलं की सगळं परत येईल’ हे घरच्यांचं म्हणणं मनापासूनचं आहे. तरीही मुलाच्या पगाराचा पहिला हक्क त्याच्या स्वतःच्या संसाराचा असणार, हे आजच धरून चाला.

मग काय करायचं? मॅनेजमेंट कोट्याची जागा धरण्याची घाई करू नका. कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, पुरे होऊ द्या. ऑप्शन फॉर्म भरताना कोल्हापूर, सांगली, वाठार, आष्टा या बाजूची जेवढी कॉलेजं आहेत तेवढी टाका आणि शाखाही एकच टाकू नका. ८१ पर्सेंटाइलला कॉम्प्युटर मिळेलच असं मी म्हणणार नाही. ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन), इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल यांचाही विचार मुलानं करावा. नॅक किंवा एनबीए या संस्थांचं दर्जाचं मानांकन आहे का, हे प्रत्येक कॉलेजचं तपासा. पुढं व्याजाच्या सवलतीला ते लागतं.

कॅपमधून प्रवेश मिळाला की चित्र बदलतं. तुमचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यामुळे राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेत, ज्याला सगळे ईबीसी म्हणतात, निम्मी शिकवणी फी सरकार देतं. मॅनेजमेंटच्या जागेला ही सवलत नाही. खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती कॉलेजागणिक वेगळी असते. आपण उदाहरणाला शिकवणी एक लाख आणि विकास शुल्क दहा हजार धरू. तुम्हाला भरायचे ६० हजार. घरून जाऊन-येऊन केलं तर सवलतीचा एसटी पास, पुस्तकं, डबा सोडून खाणंपिणं असे २५ हजार. वर्षाचे झाले ८५ हजार. तुम्ही महिन्याला चार हजार काढलेत तर ४८ हजार तुमचे. उरले ३७ हजार, तेवढंच कर्ज मुलानं काढावं. चार वर्षांचं दीड लाखाच्या आत.

चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण नाही, त्रयस्थ जामीन नाही, मार्जिन, म्हणजे खर्चातला स्वतःचा वाटाही, भरावं लागत नाही. शाखेतल्या कुणी मागितलं तर शाखाधिकाऱ्याला भेटा आणि लेखी विचारा. शिवाय घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्या मुलांना, मानांकन असलेल्या कॉलेजात तांत्रिक शिक्षण घेत असतील तर, शिक्षणाच्या काळातलं आणि पुढच्या एका वर्षाचं सगळं व्याज केंद्र सरकार भरतं. तुमचा दाखला ४ लाख २० हजारांचा आहे, म्हणजे तुम्ही बसता. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करायचा. मग दीड लाखाचा पाच वर्षांचा हप्ता सव्वातीन हजारांच्या आत येतो. पहिल्या पगारातून तो मुलगा भरू शकतो, आणि त्यानंच भरावा.

म्हणजे कर्ज अजिबातच टाळावं का? मला वाटतं, नाही. थोडं कर्ज मुलाच्या अंगावर असलेलं बरं. रयत शिक्षण संस्थेत कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुलांकडून शेतात काम करून घेतलं, ते फक्त पैसे नव्हते म्हणून नव्हे. आपल्या शिक्षणात आपल्या घामाचा वाटा आहे हे मुलाला ठाऊक असावं असं त्यांना वाटत होतं. तुमच्या मुलाला शेतात राबावं लागणार नाही, पण सव्वातीन हजारांचा हप्ता त्याच्या नावावर असू दे.

हे सगळं ठरवायच्या आधी एक काम करा. पगाराची स्लिप मुलासमोर ठेवा. माझ्या टेबलासमोर असे बापलेक बसायचे. एकदा कागद तपासताना वडिलांची स्लिप मी टेबलावर पसरली, तर मुलगा वाकून वाचायलाच लागला. बापाचा पगार त्यानं तोवर पाहिलेलाच नव्हता. त्याचं बोट एका ओळीवर थांबलं : सोसायटी कर्ज, ४,२०० रुपये. “हे कशाचं?” त्यानं विचारलं. वडील माझ्याकडे बघत म्हणाले, “तुझ्या क्लासचं.” मुलगा गप्प बसला, मग त्यानं अर्जातला लॅपटॉपचा आकडा कमी करता येईल का, असं मला विचारलं. अठरा वर्षांच्या मुलाला हिशेब कळतो. आपण तो त्याच्यापासून लपवतो, कारण आपल्याला वाटतं की त्याच्या मनावर ओझं नको. ओझं त्याला तसंही जाणवतं, फक्त त्याचं वजन त्याला कळत नाही.

त्याच बैठकीत दोन गोष्टी ठरवून टाका. चार वर्षांची फी तुम्ही आणि कर्ज मिळून भरणार. एटीकेटी लागली, म्हणजे एखादा विषय राहून पुढच्या वर्षात गेला, तर चालेल, पण वायडी झालं, म्हणजे वर्षच वाया गेलं, तर त्या जादा वर्षाचे पैसे त्यानं काम करून उभे करायचे. दुसरं, तुम्ही पैसे देता म्हणून निकाल विचारायचा हक्क तुम्हाला आहे; शाखा कुठली घ्यायची हे सांगायचा हक्क नाही. पुणंच का हवं, हेही त्याला विचारा. मित्र चाललेत म्हणून असेल तर ते त्यानं मोकळेपणी सांगावं आणि तुम्ही न रागावता ऐकावं.

आणि तुमची नववीतली मुलगी. पत्रात तिच्यासाठी एकच वाक्य आहे, तेही शेवटी. प्लॉट आज विकलात तर तीन-चार वर्षांनी तिला काय दाखवणार? मुलासाठी जे कराल ते वहीत लिहून ठेवा आणि तिच्या वेळी तेवढंच करा.

प्रश्न : ताई, मी निफाड तालुक्यातली आहे. बारावीला ७८ टक्के आहेत, बी. फार्मसीला नाशिकमध्ये कॅपमधून नंबर लागेल असं वाटतंय. आम्ही ओबीसी आहोत, बाबांची द्राक्षबाग आहे, उत्पन्नाचा दाखला दीड लाखाचा निघतो. दादाला पुण्यात बीबीए केलं, तेव्हा सगळी फी बाबांनी भरली. माझ्या वेळी म्हणतात, बी.एस्सी. कर, गावातून जाऊन-येऊन होईल. माझ्या नावानं सहा लाखांची एफडी आहे, पण ती लग्नासाठी आहे, मोडायची नाही. मला भांडण नकोय, पण मला शिकायचंय.
— एक विद्यार्थिनी, जि. नाशिक

उत्तर : बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. बाबांना बहुधा एक गोष्ट माहीत नाही, ती आधी त्यांच्या कानावर घाल. राज्य सरकारच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. आधी ही सवलत निम्मी होती. अट इतकीच, की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. फार्मसी त्यात येते. म्हणजे दादाच्या वेळी बाबांनी जी रक्कम भरली, ती तुझ्या वेळी भरायचीच नाही. उरतं विकास शुल्क, राहणं, मेस आणि पुस्तकं.

कागद आत्ताच काढायला लाग. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जातीचा दाखला, जात पडताळणीची पावती, डोमिसाइल, आणि तुझ्या नावाचं आधार जोडलेलं बँक खातं. जून-जुलैत सेतू केंद्रावर रांगा लागतात आणि नॉन-क्रिमीलेअर वेळेत मिळालं नाही म्हणून मुलींची सवलत हुकते. प्रवेश झाला की लगेच राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज. सरकारी मुलींच्या वसतिगृहाची चौकशी समाजकल्याणच्या आणि इतर मागास बहुजन कल्याणच्या कार्यालयात, दोन्हीकडे कर. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना तुझ्या कॉलेजात आहे का, हे विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना विचार. कार्यालयात, ग्रंथालयात रोज थोडा वेळ काम असतं, खर्चाला हातभार लागतो.

आता एफडी. ती मोडायचा विषयच काढू नकोस. सहा लाखांवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ३९ हजार व्याज होतं. मुद्दल लग्नासाठी तशीच ठेवा, चार वर्षं फक्त व्याज माझ्या मेसला द्या, असं म्हण. हे वाक्य बाबांना ऐकवणं सोपं जाईल. तुझ्या एकटीनं नाही जमलं तर आईला आणि मामांना बरोबर घे.

कायदाही तुला ठाऊक असावा, भांडायला म्हणून नव्हे. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यात पालनपोषणाची जी व्याख्या आहे, तिच्यात अन्न, वस्त्र, निवारा यांच्याबरोबर शिक्षण लिहिलेलं आहे, आणि अविवाहित मुलीच्या लग्नाचा खर्च त्याच्या पुढच्या ओळीत. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०२५ मध्ये एका कौटुंबिक प्रकरणात सांगितलं की शिक्षणाचा खर्च आई-वडिलांकडून मिळवण्याचा मुलीला हक्क आहे. तुझ्या बाबांनी लग्नासाठी सहा लाख बाजूला काढले, म्हणजे त्यांना तुझी काळजी आहे. ती काळजी लग्नाच्या आधी चार वर्षं सुरू व्हावी, एवढंच तुझं मागणं आहे, आणि ते अगदी रास्त आहे.

दादा कमावत असेल तर त्यालाही विचार. बहिणीच्या विकास शुल्काचे पैसे भावानं भरले तर त्यात कुणाचाच कमीपणा नाही.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे, हिंजवडीत नोकरी करतो, पगार ४६ हजार. माझ्या इंजिनिअरिंगसाठी वडिलांनी बार्शीजवळचं अर्धा एकर रान विकलं. मला त्याची जाणीव आहे. पण आता घरी कुणीही आलं की ते म्हणतात, ‘याच्यासाठी रान विकलं.’ मी ते पैसे परत करावेत का? कसे करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : रानाची किंमत हप्त्यांनी परत करायला जाऊ नकोस. वडिलांनी तुला कर्ज दिलेलं नाही, आणि तू तसा हिशेब मांडलास तर त्यांना ते फार लागेल. रान विकणं शेतकऱ्याच्या जिवावर येतं, ते बोलून दाखवतात त्यात तुझ्यावरच्या रागापेक्षा रानाचं दुःख जास्त असणार. एकदा पाहुणे नसताना त्यांच्याशी बस आणि सांग की चारचौघांत ते ऐकताना मला त्रास होतो. मुलानं हे सांगितलेलं बापाला चालतं.

बाकी, जे करायचं ते नेमानं कर. आईच्या खात्यावर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठरलेली रक्कम जाऊ दे, पाच हजार असो की सात. सणाला एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा त्यांना याचा आधार जास्त वाटतो. त्याआधी दोघांचा आरोग्य विमा काढ. तुझ्या कंपनीच्या पॉलिसीत आई-वडील असले तरी वेगळा काढ, कारण नोकरी बदललीस की ते संरक्षण जातं. आधीपासून असलेल्या आजारांना पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून वडील साठीच्या आत असतील तर याच वर्षी घे. जुन्या करपद्धतीत असशील तर विम्याच्या हप्त्यावर प्राप्तिकरात वजावटही मिळते. अर्ज भरताना त्यांचा बीपी, शुगर, झालेली ऑपरेशनं यातलं काहीही लपवू नकोस. एजंट म्हणेल, लिहायची गरज नाही. तू लिही, आणि भरलेल्या अर्जाची प्रत स्वतःकडे ठेव.